तान्ह्या मुलाचे पोट

मनुष्याचे मूल जन्मतः जितके परावलंबी असते तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्राण्याचे पिल्लू असेल. वासरू जन्मल्यावर तासाभरात स्वतःच्या पायांवर उभे राहून गाईच्या आचळाशी जाते. मुलाला मात्र कोणीतरी उचलून मातेच्या कुशीत ठेवावे लागते. या परावलंबित्वाची सर्वांत कठीण परीक्षा त्याच्या पोटाला द्यावी लागते. नऊ महिने त्याचे पोषण नाळेवाटे होत असते. जठर व आतडी त्या काळात अगदीच स्वस्थ नसतात. गर्भ आपल्या भोवतीचे पाणी गिळतो आणि त्याच्या आतड्यात काळपट हिरवा, चिकट मल साठत जातो. परंतु अन्न पचविण्याचे काम त्यांना जन्मानंतरच प्रथम करावे लागते. ते काम शिकण्यास त्यांना सुमारे एक वर्ष लागते. या वर्षात मूल दूध टाकते, कळवळून रडते, कधी दिवसातून आठ वेळा तर कधी आठ दिवसांतून एकदा शी करते. आणि या प्रत्येक प्रसंगी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात तोच प्रश्न उभा राहतो, की मुलाचे पोट बिघडले की काय?

रायपूर शहरातील मराठी घरांत हा प्रश्न थोड्या निराळ्या रूपाने पुढे येतो. छत्तीसगडचा प्रदेश १८व्या शतकाच्या मध्यापासून १८५४पर्यंत नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात होता आणि पुढे १९५६पर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चाले. नोकरी, वकिली व व्यापार यांच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अशा घरात सहाणेवर घुटी उगाळणारी आजी असते, भाताचा पसिया पाजण्यास सुचविणारी छत्तीसगडी शेजारीण असते आणि नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात ग्राइप वॉटरची बाटलीही असते. सल्ल्यांची उणीव नसते. कोणता सल्ला केव्हा मानावा हे ठरविण्याचे साधन मात्र नसते. ते साधन शरीरशास्त्राने दिले आहे.

हा विषय केवळ गृहस्वास्थ्याचा नव्हे. २००० साली छत्तीसगड राज्य निर्माण झाले तेव्हा तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे ८०च्या आसपास मुले पहिला वाढदिवस येण्यापूर्वीच दगावत. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा ३८वर आला होता. त्याच वर्षी संपूर्ण देशाचा आकडा २८ आणि महाराष्ट्राचा १६ होता. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत. तथापि आहारातील चुका आणि जुलाब ही त्यांतील अशी कारणे आहेत, की ज्यांना घरातल्या घरात पुष्कळ अंशी पायबंद घालता येतो.

पहिला तास आणि पहिला चीक

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मातेच्या स्तनांतून जे पिवळसर, दाट दूध येते त्यास चीक म्हणतात. तो थोडा येतो, एका वेळी जेमतेम चमचा-दीड चमचा. हे दूध जड असते, नासके असते, अशा समजुतीने ते पिळून टाकण्याची चाल देशाच्या अनेक भागांत होती व काही घरांत ती अद्यापि दिसते. वस्तुतः नवजात मुलाच्या इवल्याशा जठरास एवढेच दूध हवे असते. शिवाय चिकात रोगप्रतिकारक प्रथिने विपुल असतात. ती आतड्याच्या अंतस्त्वचेवर पसरून राहतात आणि रोगजंतूंना तेथे चिकटू देत नाहीत. चीक सारकही असतो. आतड्यातील काळा मल त्याने लवकर बाहेर पडतो.

मातेच्या दुधाविषयी आणखी एक चमत्कारिक गोष्ट शास्त्रज्ञांना आढळून आली आहे. त्यात अशा काही शर्करा असतात, की ज्या मुलाला मुळीच पचत नाहीत. मग निसर्गाने त्या दुधात का घातल्या? १८९९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मलात एका विशिष्ट प्रकारचे, दोन फाटे फुटलेल्या काडीसारखे जंतू सापडले. या शर्करा त्या हितकारक जंतूंचे अन्न होय, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे माता एकाच वेळी दोघांना जेवू घालते. मुलाला आणि मुलाच्या आतड्यातील राखणदारांना.

हे ज्ञान घरोघर पोहोचविण्याचे काम छत्तीसगडात मितानिनींनी केले. ‘मितान’ म्हणजे मानलेला जिवलग मित्र. विधिपूर्वक जोडलेले हे नाते जातीपातीची बंधने ओलांडून जन्मभर पाळले जाते. त्यावरूनच २००२ साली सुरू झालेल्या योजनेतील आरोग्यसेविकांना मितानिन हे नाव मिळाले. गावोगावच्या प्रत्येक पाड्यातून तेथील रहिवाशांनी एक स्त्री निवडावी, तिने शिक्षण घ्यावे आणि बाळंतिणीच्या घरी पहिल्याच दिवशी जाऊन मुलाला अंगावर घेण्यास मदत करावी, अशी ही योजना होती. काही वर्षांतच मितानिनींची संख्या ६० हजारांच्या घरात गेली. २००५ साली देशभर ‘आशा’ सेविकांची योजना आली, तेव्हा हा अनुभव तिला उपयोगी पडला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडातील सहा महिन्यांखालील दर दहा मुलांपैकी सुमारे आठ मुले केवळ मातेच्या दुधावर असल्याचे आढळले. देशाची सरासरी सुमारे ६४ टक्के होती. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचे प्रमाण मात्र तेथेही निम्म्याहून कमीच होते. एवंच, पुष्कळ काम झाले आहे आणि काही उरलेले आहे.

उन्हाळ्यातील तहान

रायपूरचा मे महिना कडक असतो. दुपारी पारा ४२ अंशांच्या वर जातो, कधी कधी ४५लाही टेकतो. मोठी माणसे दर घटकेला पाणी पीत असता तीन महिन्यांच्या मुलाला एक चमचाही पाणी देऊ नका, असे मितानिन सांगते तेव्हा आजीला ते निर्दयपणाचे वाटल्यास नवल नाही.

परंतु मातेच्या दुधाच्या १०० भागांत सुमारे ८७ भाग पाणीच असते. स्तनपानाच्या आरंभी येणारे दूध पातळ असते. ते तहान भागविते. नंतर येणारे दूध स्निग्ध असते. ते भूक भागविते. उन्हाळ्यात मूल अधिक वेळा प्यायला मागते आणि त्यातून आपल्याला हवे तेवढे पाणी मिळविते. दिल्लीच्या ऐन उन्हाळ्यात या गोष्टीची प्रत्यक्ष परीक्षा करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ अंगावर पिणारी काही मुले आणि दुधाबरोबर पाणीही दिलेली काही मुले यांची तुलना केली असता शरीराचे तापमान, वजन व मूत्राची दाटी यांत पाण्यामुळे काहीही लाभ झाल्याचे दिसले नाही.

पाण्यामुळे लाभ नाही, हानी मात्र संभवते. पाण्याने पोट भरलेले मूल दूध कमी पिते. मूल कमी प्याले की मातेचे दूधही कमी होऊ लागते, कारण दूध मागणीप्रमाणे तयार होत असते. आणि पाण्याबरोबर रोगजंतूंनाही वाट मिळते. मुलाला पाणी पुरेसे मिळत आहे किंवा नाही हे पाहण्याची खूण अगदी साधी आहे. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची शू होत असेल, तर मूल तहानलेले नाही. पाण्याचा तांब्या ठेवावयाचाच असेल तर तो मातेच्या उशाशी ठेवावा.

काही कारणाने मातेचे दूध मिळणे अशक्य असते. अशा वेळी कोणते दूध द्यावे हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे आणि ते बाटलीऐवजी उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीचे बूच व तिचे सांधेकोपरे नीट धुतले जात नाहीत आणि तेथेच जंतू वाढतात. डब्यातील भुकटी महाग पडते म्हणून ती अधिक पाण्यात कालविली, तर मूल भरल्या पोटी उपाशी राहते. ती दाट कालविली, तर क्षारांचा भार मूत्रपिंडांना सोसत नाही, कारण मूत्र दाट करण्याची शक्ती त्यांना अजून पुरती आलेली नसते. साधे गाईचे किंवा म्हशीचे दूधही याच कारणाने पहिल्या वर्षात मुख्य आहार म्हणून योग्य नव्हे. शिवाय त्यात लोह फारच थोडे असते. डब्यातील दुधाच्या जाहिराती पाहून मातांनी आपले दूध सोडू नये, यासाठी भारतात १९९२ साली कायदा करण्यात आला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला.

दूध टाकणे, रडणे आणि शी

अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते. घास खाली गेला की ते आवळले जाते आणि जठरातील अन्न वर येऊ देत नाही. तान्ह्या मुलात हे वलय ढिले असते. त्यातच त्याचे सारे अन्न पातळ, आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते आडवे. तेव्हा थोडेसे दूध ओठांवाटे बाहेर आले तर त्यात आश्चर्य नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास दूध टाकण्याचे प्रमाण सर्वाधिक असते; त्या वयाची निम्म्याहून अधिक मुले दररोज दूध टाकतात. मूल बसू लागले, दाट अन्न खाऊ लागले की हे आपोआप कमी होते आणि वर्षाच्या अखेरीस बहुतेकांचे थांबते. प्यायल्यावर मुलाला काही वेळ खांद्याशी उभे धरून ढेकर काढावी, एकदम पोटभर न पाजता थोडे थोडे अधिक वेळा पाजावे, एवढे पुरे. झोपविताना मात्र ते उताणेच झोपवावे.

रडण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. दुपार कलली की मूल रडू लागते, पाय पोटाशी घेते, चेहरा लाल होतो, मुठी आवळल्या जातात आणि काही केल्या ते उगी राहत नाही. घरात ‘पोट दुखते आहे’, ‘वायू धरला आहे’ असे निदान होते. १९५४ साली अमेरिकेतील मॉरिस वेसल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांचा अभ्यास करून एक व्याख्या सुचविली. एरवी निरोगी असलेले व नीट वाढणारे मूल दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्याला हा शूळ आहे असे समजावे. १९६२ साली टी. बेरी ब्रेझल्टन यांनी मातांकडून मुलांच्या रडण्याची रोजनिशी ठेवविली, तेव्हा निरोगी मुलांचेही रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते व त्यानंतर उतरत जाते असे दिसून आले. बारा ते सोळा आठवड्यांत बहुतेक मुले या अवस्थेतून बाहेर पडतात. या रडण्याचे निश्चित असे एकच कारण सापडलेले नाही, परंतु ते आपोआप थांबते हे निश्चित आहे. म्हणूनच चौथ्या महिन्याच्या आगेमागे जे औषध सुरू होते, त्याला गुण येतोच!

या काळात मुलाला छातीशी धरावे, कपड्यात हलकेच गुंडाळावे, खोलीतील गडबड व प्रकाश कमी करावा. माता थकली असेल तर मूल दुसऱ्याच्या हाती देऊन तिने घटकाभर निजावे. चिडून मुलाला गदागदा हलविणे अत्यंत धोक्याचे आहे. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ‘दूध पुरत नाही म्हणूनच रडते’ अशी शंका आल्यास तिचा निवाडा तराजूने करावा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांच्या आत ते जन्माच्या वजनावर येते, पाचव्या महिन्याच्या सुमारास ते दुप्पट आणि वर्षाअखेर सुमारे तिप्पट होते. अंगणवाडीतील वाढीचा तक्ता हा आजीबाईंच्या आणि शेजारणींच्या साक्षीहून अधिक भरवशाचा साक्षीदार आहे.

आता शीविषयी. पहिल्या दोन-तीन दिवसांतील काळा मल संपला की तो हिरवट व नंतर मोहरीसारखा पिवळा होतो. अंगावर पिणारे मूल पहिल्या महिन्यात दिवसातून आठ-दहा वेळाही शी करील; ती पातळ व दाणेदार असेल. हे जुलाब नव्हेत. दीड महिन्यानंतर याच्या उलट प्रकार दिसतो. चार-सहा दिवस, क्वचित आठवडाभरही मूल शी करीत नाही. मातेचे दूध इतके पूर्णपणे शोषले जाते, की बाहेर टाकण्यास फारसे उरतच नाही. मूल खेळते आहे, पीत आहे, पोट मऊ आहे आणि अखेरीस झालेली शी मऊ आहे, तर तो मलावरोध नव्हे. अशा मुलाला एरंडेल पाजणे किंवा साबणाची वात देणे अनावश्यक व अपायकारक आहे. कुंथताना मूल लाल होते, रडते, यालाही घाबरू नये. पोटाचा जोर लावणे आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडणे या दोन क्रियांचा मेळ त्याला अजून बसवावयाचा असतो.

घुटी, मध आणि ग्राइप वॉटर

महाराष्ट्रातून जेथे जेथे मराठी कुटुंबे गेली तेथे तेथे सहाण आणि घुटीची पुरचुंडी त्यांच्याबरोबर गेली. मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक यांचे ठराविक वेढे सहाणेवर उगाळून ते मुलाला चाटविणे यामागे पिढ्यांची माया आहे, याविषयी शंका नाही. पण मायेने मात्रा मोजली जात नाही. एक वेढा म्हणजे द्रव्य किती, हे हाताच्या जोरावर अवलंबून असते. जायफळासारखे पदार्थ अधिक प्रमाणात गुंगी आणतात. आणि सहाण, पाणी व बोट यांपैकी एकही निर्जंतुक नसते. सहा महिन्यांपर्यंत मातेच्या दुधाखेरीज काहीही नको या नियमात घुटीचाही समावेश होतो. गुंगीने शांत झालेले मूल बरे झालेले नसते, हा धडा मुंबईने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्यांतील कामगार स्त्रिया पाळीवर जाताना मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत असत. मुले निजत, आणि निजल्यामुळे उपाशी राहत.

ग्राइप वॉटरचा इतिहासही उद्‌बोधक आहे. १८५१ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने ते बाजारात आणले. त्यात शेपूच्या बियांचे तेल, खाण्याचा सोडा व साखर यांबरोबर मद्यार्कही होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातील मद्यार्क काढून टाकण्यात आला. त्याने शूळ बरा होतो असा भरवशाचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

मधाची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. जन्मल्यावर मुलाला सोन्याने मध चाटविण्याची चाल मंगल मानली जाते. परंतु मधात कधी कधी एका जंतूची बीजके असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. तान्ह्या मुलाच्या आतड्यात रुजतात आणि तेथे भयंकर विष निर्माण करतात. त्याने प्रथम मलावरोध होतो, मग दूध ओढण्याची शक्ती जाते, मान लुळी पडते आणि शेवटी श्वासही थांबू शकतो. हा रोग १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. तो विरळा आहे हे खरे. पण मध उकळूनही ही बीजके सहजासहजी मरत नाहीत. म्हणून एक वर्ष पुरे होईपर्यंत मध थेंबभरही देऊ नये. शुभशकुनासाठी सोन्याचा स्पर्श मुलाच्या तळहाताला केला तरी पुरे.

उष्टावण

मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात व मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करावे असा परंपरेचा संकेत आहे. शरीरशास्त्र मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. सहा महिने पुरे होताच दोघांनाही अन्न सुरू करावे, असे ते सांगते. त्याची कारणे पोटातच आहेत. पिष्टमय अन्न पचविणारा स्वादुपिंडातील रस पहिल्या काही महिन्यांत फारच थोडा तयार होतो. जिभेने घास बाहेर ढकलण्याची उपजत सवयही सहा महिन्यांच्या सुमारास मावळते. आणि त्याच वेळी मातेकडून जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो. घाई केली तर पोट तयार नसते; उशीर केला तर रक्त कमी होते.

येथे रायपूरच्या घरांत एक नेहमीची चूक होते. भाताच्या प्रदेशात मुलाला पहिले अन्न म्हणून पसिया, म्हणजे भाताचे निवळ पाणी किंवा पातळ पेज दिली जाते. वाटीभर पेजेने पोट भरते, पण तिच्यात पोषण थोडेच असते. मुलाचे अन्न इतके दाट असावे की चमचा तिरपा केला असता ते सहज ओघळू नये. मऊ भात, वरण व चमचाभर तूप किंवा तेल कालवून कुस्करलेला घास. त्यात लाल भाजी किंवा मुनग्याचा पाला शिजवून. खाणाऱ्यांच्या घरी अंडे किंवा बारीक केलेले मांस. शिवाय केळे, पपई. आरंभी दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी; आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा आणि नंतर तीन-चार वेळा. मीठ-साखर घालण्याचे कारण नाही. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे मात्र देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

दाट खीर मुलाला गिळवत नाही आणि पातळ केली तर तिचे सत्त्व जाते, या पेचातून आपल्या आज्यांनी फार पूर्वीच मार्ग काढला होता. नाचणी, जिला छत्तीसगडात मडिया म्हणतात, भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करण्याची रीत मराठी घरांत आहे. मोड येताना धान्यात पिष्ट विरघळविणारे पाचक द्रव्य उत्पन्न होते. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी दाखवून दिले, की अशा मोड आणलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ दाट खिरीत ढवळले असता ती पातळ व गिळण्यास सोपी होते, आणि तिचे पोषण मात्र कायम राहते. परंपरेत जे ग्राह्य आहे ते विज्ञान नाकारीत नाही. ते तपासून परत करते.

या अन्नाच्या बाबतीत सारा देशच मागे आहे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा व विविध आहार मिळणारी मुले भारतात अवघी ११ टक्के होती.

जुलाब

सातव्या-आठव्या महिन्यात मुलाला जुलाब होतात आणि त्याच वेळी दातही येत असतात. त्यामुळे ‘दातांचे जुलाब’ ही समजूत घरोघर रूढ झाली आहे. दात येण्याने हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते. जुलाब होत नाहीत. या वयात मूल रांगू लागते, सापडेल ती वस्तू तोंडात घालते, बाहेरचे अन्न खाऊ लागते, आणि मातेकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरू लागलेली असते. जुलाबांचे मूळ तेथे आहे. दातांवर दोष ढकलून वाट पाहत बसणे अनेक मुलांच्या जिवावर बेतले आहे.

जुलाबांत मूल मरते ते अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. त्यावरील उपाय आश्चर्यकारक सोपा आहे. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत शिरताना आपल्याबरोबर सोडियम नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. ही यंत्रणा १९६०च्या सुमारास रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा उघडा राहतो. १९७१ साली बांगला देशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधील बनगाव येथे आले आणि पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच ते पाजविले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. सरकारी दवाखान्यात व मितानिनीच्या पेटीत मिळणारी जलसंजीवनीची पुडी ती हीच, काहीशा सुधारलेल्या प्रमाणात.

एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी, अर्धा पेला असे अंदाज करू नयेत. हे पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दोन महिन्यांपुढील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप पाणी चमच्याचमच्याने पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. बाजारातील गोड पेये हा जलसंजीवनीला पर्याय नव्हे. अधिक साखरेने जुलाब वाढतात. डॉक्टर किंवा मितानिन देईल त्या मात्रेत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंगावरचे दूध व अन्न बंद करू नये. आतड्याला विश्रांती देण्याच्या नावाखाली केलेले लंघन मुलाला अधिकच दुर्बळ करते.

या वयातील तीव्र जुलाबांचे एक प्रमुख कारण असलेला रोटा विषाणू १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात मुलांत सापडलेल्या एका सौम्य वाणापासून भारतीय लस तयार झाली आणि २०१६पासून या रोगावरील लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तिचे थेंब तोंडावाटे देतात.

थांबावे केव्हा, धावावे केव्हा

वरील विवेचनावरून असे दिसेल, की पहिल्या वर्षातील बहुतेक तक्रारींवर काळ हेच औषध आहे. परंतु काही खुणा अशा आहेत, की त्या दिसताच एक रात्रही दवडू नये.

ओकारी हिरव्या रंगाची असेल, तर आतड्यात अडथळा असण्याचा संभव आहे. दोन ते आठ आठवड्यांचे मूल प्रत्येक वेळी प्यायल्यावर जोराने, दूरवर उडेल अशी ओकारी करीत असेल व वजन घटत असेल, तर जठराचे खालचे तोंड आवळले गेलेले असू शकते. ही शस्त्रक्रिया १९१२पासून रूढ आहे व ती खात्रीची आहे. जन्मानंतर दोन दिवसांत शी झाली नाही, पोट फुगून ताठ झाले, तर तपासणी व्हावी. चार ते दहा महिन्यांचे मूल थांबून थांबून किंचाळत असेल आणि शीत रक्त व आव पडत असेल, तर आतडे आतड्यात शिरले असण्याचा धोका असतो.

एक खूण मात्र कोणालाच भयंकर वाटत नाही. कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळते आणि शी खडूसारखी पांढुरकी होते. मूल हसत-खेळत असते, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण याचा अर्थ पित्तनलिका बंद असणे हा असू शकतो. जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया अशा मुलांचे यकृत वाचवू शकते. ती सुमारे साठ दिवसांच्या आत झाली तर तिचे यश सर्वाधिक असते. पुढे प्रत्येक आठवडा महाग पडतो.

जुलाबांत डोळे खोल जाणे, टाळू आत बसणे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश पूर्ववत होणे, शू बंद होणे, मूल सुस्त पडणे किंवा पिण्यास असमर्थ होणे, शीत रक्त दिसणे. ही सर्व चिन्हे तत्काळ दवाखाना गाठण्याची आहेत. दोन महिन्यांखालील मुलाला ताप आला, अंग गार पडले किंवा ते दूध ओढेनासे झाले, तरीही तेच करावे. वाटेतही जलसंजीवनी व अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

सारांश, तान्ह्या मुलाच्या पोटाचे स्वतःचे असे एक पंचांग आहे. चिकाचा दिवस, रडण्याचा सहावा आठवडा, दूध टाकण्याचा चौथा महिना, उष्टावणाचा सहावा महिना, हे सारे त्यात ठरलेले आहे. ते पंचांग ज्या घरात वाचले जाते, त्या घरात घुटीची सहाण आणि ग्राइप वॉटरची बाटली फळीवरच राहते, जलसंजीवनीची पुडी मात्र हाताशी असते, आणि शीचा रंग पाहून मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेले जाते.